जर्मनचे शब्द ॲपमध्ये पाठ, पण तोंडात येत नाहीत? फ्लॅशकार्डचं साधन निवडताना या चुका टाळा

ए-टूच्या, म्हणजे जर्मनच्या दुसऱ्या पातळीच्या वर्गातल्या एका विद्यार्थिनीने मागे मला तिच्या फोनचा स्क्रीनशॉट पाठवला. ती नर्स आहे, ड्यूटी सांभाळून संध्याकाळच्या ऑनलाइन वर्गाला बसते. "मॅडम, माझे ७०० शब्द झाले. सगळे हिरवे." दुसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, 'मी बसची वाट बघतेय' हे जर्मनमध्ये सांग बरं. 'बुस' आलं, वाट बघणं म्हणजे 'वार्टेन' तेही आलं, आणि तिथेच ती अडली. वाक्य होतं 'इश वार्टे आउफ डेन बुस'. 'वार्टेन'ला 'आउफ' लागतं आणि 'डेर बुस'चं तिथे 'डेन बुस' होतं, हे तिच्या एकाही कार्डावर नव्हतं. तिच्या मेहनतीत काही कमी नव्हतं. साधन चुकीचं निवडलं होतं आणि कार्डं अर्धवट होती. दरवर्षी हेच बघते, म्हणून सविस्तर लिहितेय.

चार पर्याय दाखवणारं ॲप

सर्वांत मोठी चूक हीच. शब्द येतो, खाली चार अर्थ येतात, एकावर बोट ठेवलं की टिंग वाजतं. यात आपण शब्द ओळखतो, आठवत नाही. चारातले दोन पर्याय तर बघताक्षणीच बाद होतात. परीक्षेत वाचन आणि श्रवण एवढ्यावर कदाचित निभावेल, पण लेखन आणि संभाषणात समोर पर्याय नसतात. वॉर्डातही नसतात.

साधन घेण्याआधी एवढंच बघा: ते आधी कोरी जागा दाखवतं का? मराठी बाजू समोर ठेवून जर्मन उत्तर मनातून काढायला किंवा टाइप करायला लावतं का? अंकी नावाच्या फ्लॅशकार्ड ॲपमध्ये कार्ड बनवताना उलटसुलट दोन्ही बाजूंचा प्रकार निवडता येतो, उत्तर टाइप करण्याचाही आहे. नवशिक्याला मराठीकडून जर्मनकडे जाणारं कार्ड नकोसं वाटतं, कारण तिथे सारखं चुकायला होतं. तेच कार्ड ठेवा.

फक्त पत्ते पिसणारं ॲप

नाव फ्लॅशकार्डचं, पण आत नुसता पत्त्यांचा गठ्ठा. रोज तेच ५० शब्द फिरवून फिरवून येतात, येणारेही आणि न येणारेही. हेरमान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये मांडलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे उजळणीतलं अंतर वाढत गेलं पाहिजे. सेबास्टियान लाइटनरने १९७०च्या दशकात याची साधी खोक्यांची पद्धत लोकप्रिय केली: बरोबर आलं की कार्ड पुढच्या खणात, चुकलं की परत पहिल्या खणात. पुढचे खण कमी वेळा उघडायचे. चपलांच्या खोक्यात पुठ्ठ्याचे पडदे लावून हे आजही जमतं, आणि ज्यांना फोन हातात घेतला की दुसरीकडेच भरकटायला होतं त्यांना मी हेच सांगते.

ॲपची परीक्षा चार दिवसांत होते. स्वतःची १० कार्डं घाला. पाच मुद्दाम सोपी घ्या, पाच कठीण. चौथ्या दिवशीही दहाच्या दहा समोर आली तर ते ॲप अंतर मोजत नाही. सोपी मागे गेली आणि कठीण पुन्हा पुन्हा आली, तर मोजतं. २००६ पासून असलेली अंकी हे मोजते. नावाचा जपानी अर्थच पाठांतर. दिसायला ती रूक्ष आहे, पहिले दोन दिवस गोंधळायला होतं, तरी मी तीच सुचवते.

इंग्रजी अर्थांचा तयार गठ्ठा

इथे जरा थांबते, कारण मराठी माणसाचं सर्वांत जास्त नुकसान इथे होतं आणि ते लक्षातही येत नाही. चार-पाच हजार शब्दांचे तयार गठ्ठे फुकट मिळतात. त्यातले बहुतेक इंग्रजी बोलणाऱ्यांसाठी बनवलेले. जर्मनमध्ये 'डू', 'ईर' आणि 'झी' असे तीन वेगळे शब्द आहेत, पण त्या कार्डांवर तिन्हींच्या मागे एकच 'यू'. आपल्याकडे मात्र 'तू' आहे, अनेकांना म्हणायचं 'तुम्ही' आहे आणि आदराचं 'तुम्ही' किंवा 'आपण' आहे. जे आपल्याला जन्मापासून येतं ते इंग्रजीच्या गाळणीतून जाताना निघून जातं, आणि मग मुलं अनोळखी रुग्णाशी 'डू' म्हणून बोलतात.

तेच इंग्रजीतल्या 'नो' (know) या शब्दाचं. 'डॉक्टर कुठे आहेत ते मला माहीत आहे' इथे 'विसेन' लागतं, 'मी त्या डॉक्टरांना ओळखते' इथे 'केनेन'. मराठीत माहीत असणं आणि ओळखणं आधीच वेगळं आहे. कार्डावर मराठी लिहिलं की धडा शिकवावाच लागत नाही.

तयार गठ्ठा घ्यायचाच तर यादी म्हणून घ्या आणि दुसरी बाजू स्वतः मराठीत लिहा. गोएथे इन्स्टिट्यूट, म्हणजे आपलं मॅक्स म्युलर भवन, परीक्षांच्या शब्दयाद्या खुल्या ठेवतं. ए-वनची सुमारे ६५० शब्दांची आहे, बी-वनची सुमारे २४०० ची. सुरुवातीला एवढं पुष्कळ झालं.

नामाला डेर-डी-डास न लावणं

जेवणाच्या टेबलावरच बघा. चमचा 'डेर लोफल', काटा 'डी गाबेल', सुरी 'डास मेसर'. पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग, तिन्ही एका ताटाशेजारी. तीन लिंगं आपल्यालाही सवयीची आहेत, हा आपला फायदा. धोकाही तिथेच आहे: मराठी लिंग नकळत जर्मन शब्दाला चिकटतं. तो सूर्य, पण 'डी झोने'. ती मुलगी, पण 'डास मेडशेन'. म्हणून कार्डावर नुसतं 'मेसर' कधीच नको. 'डास मेसर' आणि शेजारी अनेकवचन. ॲपमध्ये अक्षरांना रंग देता येत असेल तर तिन्ही लिंगांना तीन रंग द्या. क्रियापदाबरोबर त्याचं शेपूट, म्हणजे 'आउफ'सारखा शब्द, छोट्या वाक्यात लिहा.

उच्चार देवनागरीत लिहिणं

या लेखात मला देवनागरीशिवाय इलाज नाही, पण तुमच्या कार्डावर हे करू नका. 'शोन' म्हणजे 'आधीच'. त्यातल्या 'ओ'वर दोन टिंबं दिली की शब्द होतो 'सुंदर', आणि तो स्वर देवनागरीत लिहिताच येत नाही. 'लोफल'मध्येही तोच स्वर आहे, मी फक्त जवळपास पोचले. कार्ड जर्मन लिपीत लिहा आणि उच्चारासाठी आवाज जोडा.

आवाजाची एक तक्रार हमखास येते: "मॅडम, ॲप 'डी'ला 'डाय' म्हणतंय." म्हणजे जर्मन बाजू इंग्रजी आवाजात वाचली जातेय. कार्डाच्या प्रत्येक बाजूची भाषा वेगळी ठरवायची असते. सेटिंगमध्ये जाऊन जर्मन करा. ही सोय ज्या साधनात नाही ते घेऊ नका. टिंबांसाठी फोनवर जर्मन कीबोर्ड टाका, त्यात वाय आणि झेडच्या जागा बदललेल्या असतात. नाहीतर साधा 'ओ' दाबून धरला तरी टिंबवाला वर येतो.

कार्डं बाहेर काढता न येणं

माझी स्वतःची साडेआठशे कार्डं एका साधनात अडकली होती. तीन वर्षं फुकट वापरलं, मग नियम बदलले आणि माझ्याच शब्दांची फाइल उतरवायला पैसे मागितले. दोन रविवार बसून हाताने उतरवून घेतली. तेव्हापासून पहिल्याच दिवशी एक्स्पोर्ट कुठे आहे ते शोधते आणि १० कार्डांची फाइल प्रत्यक्ष काढून बघते.

अंकीबद्दलही नीट माहिती असू द्या. संगणकावर आणि अँड्रॉइडवर ती मोफत आहे, आयफोनचं अधिकृत ॲप विकत घ्यावं लागतं. ते नको असेल तर ब्राउझरमधून अंकीवेब वापरा. स्टोअरमध्ये नावात अंकी असलेली इतरांची ॲप्सही दिसतात, बनवणाऱ्याचं नाव बघून घ्या. आणि नवा फोन घेतल्यावर सिंक करताना 'अपलोड की डाउनलोड' असं विचारलं तर रिकाम्या फोनवर डाउनलोडच निवडा. अपलोड केलंत तर रिकामा संग्रह वर जातो आणि जुना पुसला जातो.

साधन बरोबर, तरी गाडी अडली

दोन कारणं असतात. एक, चुकीचं बटण. उत्तर बघितल्यावर अंकीत ते कितपत आठवलं त्याचं बटण दाबायचं असतं, विसरलं असेल तर 'अगेन'. उत्तर आठवलंच नाही तरी 'अगेन' दाबायला मन धजत नाही, मग मुलं 'हार्ड' दाबतात. 'हार्ड' म्हणजे कष्टाने का होईना, आठवलं. विसरलेल्या शब्दाला 'हार्ड' दिलं की तो पुढे ढकलला जातो आणि पुढच्या वेळीही आठवत नाही. एकच शब्द सात-आठ वेळा चुकला तर कार्ड बदला, त्या शब्दाला वाक्य द्या, चित्र द्या.

दुसरं कारण, साठलेला ढीग. अंकी मुळातच रोज २० नवी कार्डं देते आणि काही आठवड्यांत रोजची उजळणी त्याच्या साधारण दहापट होते. मनापासून केली तर अर्धा तास सहज जातो. नोकरी करणाऱ्याला ८ नवी पुरेत. त्या वेगानेही ए-वनची यादी तीन महिन्यांच्या आत होते.

त्या नर्सचंही पुढे तेच झालं. नवी कार्डं स्वतः मराठीत लिहून सुरुवात केली, मग दिवाळी आणि लागोपाठ नाइट ड्यूट्या, आणि ६४० कार्डं थकली. ती सगळं पुसून पहिल्यापासून सुरू करायला निघाली होती. मी तिला नवी कार्डं शून्यावर आणायला लावली, रोजची मर्यादा ८० केली, आणि ड्यूटीवरून परतताना बसमध्येच करायला सांगितलं. तीन आठवड्यांनी ढीग संपला तेव्हा तिने स्क्रीनशॉट पाठवला नाही, आवाजी निरोप पाठवला, जर्मनमध्ये: ती बसची वाट बघत होती, 'आउफ डेन बुस'.