अटकेचे कागद टेबलावर आले की कलमं ठरवण्याआधी काय काय बघून घ्यायचं

यंदा एपीपी म्हणजे सहायक सरकारी वकील म्हणून रुजू झालेल्या दोघीतिघींनी विचारलं की मॅडम, पोलिसांचे कागद हातात आले की नेमकं काय तपासायचं त्याची एक यादी द्या ना. नंबर टाकून यादी करायला मला जमत नाही, बोलल्यासारखं लिहितेय, वहीत उतरवताना तुम्ही पाहिजे तर आकडे टाका.

पहिली तयारी म्हणजे एक कोरा कागद. एफआयआरच्या वरच्या भागात कलमं असतात, रिमांड रिपोर्टमध्ये, म्हणजे पोलीस कोठडी मागताना कोर्टात देतात त्या कागदात, तीच परत असतात, तेवढा भाग त्या कागदाने झाकून टाका. खरंच झाका, गंमत नाही करत. एकदा का भारतीय न्याय संहिता कलम 109 वाचलं की डोळा पुढची प्रत्येक ओळ खुनाचा प्रयत्न म्हणूनच वाचतो, मग मनगटावरचा ओरखडासुद्धा प्राणघातक दिसायला लागतो. आधी घटना वाचायची, कलम सगळ्यात शेवटी.

आता घटना वाचायची म्हणजे पोलिसी मराठी सोलून काढायची. "संगनमत करून", "जीवे ठार मारण्याच्या उद्देशाने", "दहशत निर्माण करून" ह्या काही घटना नाहीत, हे लिहिणाऱ्याचे निष्कर्ष आहेत, आणि ते बहुतेक वेळा आधीच्या गुन्ह्याच्या फाईलमधून कॉपी होऊन आलेले असतात. ते शब्द पेन्सिलने खोडा आणि उरलेल्यातून दुसऱ्या कागदावर लिहा की कोणी, कशाने, कुठे, किती वेळा, काय बोलून आणि कोणी बघितलं. एका रिमांड रिपोर्टमध्ये मी वाचलं होतं की आरोपीने धारदार शस्त्राने डोक्यात वार करून फिर्यादीस ठार मारण्याचा प्रयत्न केला. इंज्युरी सर्टिफिकेट उघडलं तर डाव्या हाताला दोन बाय एक सेंटिमीटरची जखम, प्रकार साधी, हत्यार कठीण व बोथट, आणि जप्ती पंचनाम्यात बांबूची काठी. म्हणजे डोकं गेलं हातावर आणि धार गेली बांबूत. असं असेल तर 115(2) म्हणजे साधी दुखापत आहे की 118(1) म्हणजे घातक हत्याराने दुखापत हा विचार करायचा, काठी किती जाड, कशी वापरली त्यावर ते ठरेल, 109 तिथे कशाच्या जोरावर उभं राहणार?

पण उलटंही लक्षात ठेवा हं, 109 ला जखम लागतच नाही. गोळी झाडली आणि नेम चुकला तरी ते 109 च आहे. तिथे हेतू बघायचा असतो आणि हेतू म्हणजे हत्यार, शरीराचा भाग, वारांची संख्या, आधीचं वैर आणि त्या वेळी तोंडातून निघालेले शब्द. हे शब्द फिर्यादीत आहेत की चार दिवसांनी घेतलेल्या पुरवणी जबाबात पहिल्यांदा आलेत हे बघाच, बचावाचा वकील तिथूनच सुरुवात करतो.

गंभीर दुखापत लावायची असेल तर डॉक्टरांनी "गंभीर" लिहिलंय एवढ्यावर थांबायचं नाही. कलम 116 मध्ये आठ प्रकार दिलेत, त्यातला कुठला, ते कागदावर दिसलं पाहिजे. हाड मोडलं असेल तर एक्सरे प्लेट आणि रिपोर्ट, दात असेल तर डेंटिस्टचा कागद, आणि तीव्र वेदना किंवा रोजची कामं करता न येणं हा प्रकार असेल तर पंधरा दिवस मोजा. जुन्या आयपीसीत, म्हणजे भारतीय दंड संहितेत, वीस दिवस होते, अजूनही काही जण सवयीने वीसच मोजतात.

तारीख. हे वाचायला बावळटपणाचं वाटेल पण घटनेची तारीख गोल करून ठेवा. 1 जुलै 2024 च्या आधीचं कृत्य असेल तर कलम आयपीसीचंच लागणार, एफआयआर भले 2025 मध्ये दाखल झालेली असो. 2023 मधल्या फसवणुकीला 318(4) लावून आलेले कागद मी पाहिलेत, तिथे 420 पाहिजे, तपासाची पद्धत मात्र नव्या नागरिक सुरक्षा संहितेची, म्हणजे जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेल्या कायद्याची. दिवसाबरोबर वेळही बघा, घरफोडीत सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी हे सिद्ध होणार असेल तरच 331(4) म्हणजे रात्रीची घरफोडी, नाहीतर 331(3). आणि "घर बंद करून गावी गेलो होतो, चार दिवसांनी आलो तर कुलूप तुटलेलं" अशी फिर्याद असेल तर रात्र कुठून आणणार?

वय बघा, आरोपीचं आणि पीडिताचं दोघांचं. आरोपी अठराच्या आतला निघाला तर सगळी फाईल बाल न्याय मंडळाकडे जाते, म्हणून शाळेचा दाखला किंवा जन्मदाखला आहे का ते पहिल्या दिवशीच विचारा, आधार कार्डावर विसंबू नका. पीडित अठराच्या आतली असेल आणि गुन्हा लैंगिक असेल तर पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराचा कायदा, सुटलेला नाही ना बघा. ॲट्रॉसिटी लावली असेल तर जातीचा दाखला, तपास डीवायएसपी म्हणजे पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने केलाय का, आणि जातिवाचक अपमान लोकांना दिसेल ऐकू येईल अशा जागी झाला की बंद खोलीत, हे तीन.

आता अटकेचे कागद म्हणजे अटक पंचनामा, अटकेची कारणं कळवल्याचा कागद, नातेवाईकाला कळवल्याची नोंद, मेडिकल. यावरून कलम ठरत नाही खरं तर, पण वाचायचे, कारण अंगझडतीत काय मिळालं, अंगावर जखमा होत्या का, कपडे जप्त केले का हे तिथेच असतं. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 36 प्रमाणे अटक मेमोवर घरच्या माणसाची किंवा त्या भागातल्या प्रतिष्ठित व्यक्तीची साक्षीदार म्हणून सही आणि आरोपीची सही लागते. अटकेची वेळ आणि स्टेशन डायरीतली वेळ जुळवून बघा. अटक दाखवली संध्याकाळी सहाला आणि मेमोरंडम पंचनामा, म्हणजे आरोपीने माल कुठे ठेवलाय ते पंचांसमोर सांगितल्याचा कागद, दुपारी चारचा असं झालं तर ताब्यात कधी घेतलं हा प्रश्न तुम्हालाच कोर्टात विचारणार आहेत, आयओला म्हणजे तपास अधिकाऱ्याला नाही.

एक उदाहरण जरा सावकाश बघू, कारण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. बाई रस्त्याने फोनवर बोलत चाललीय, मागून मोटारसायकलवर दोघं आले, मागच्याने फोन ओढला आणि पसार. कागदावर 309(4) सह 3(5), म्हणजे समान इराद्याने जबरी चोरी. फोन नुसता झटक्यात हातातून गेला असेल तर आता त्याच्यासाठी वेगळं कलम आहे, 304, हिसकावून चोरी, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. 309 साठी चोरी करण्यासाठी किंवा माल घेऊन पळण्यासाठी मुद्दाम इजा केलेली, अडवलेलं किंवा तत्काळ इजेची भीती घातलेली पाहिजे, तिथे शिक्षा दहा वर्षांपर्यंत जाते. आणि त्यात प्रत्यक्ष दुखापत केली असेल तर 309(6), म्हणजे जन्मठेपेपर्यंत. तीन वर्षं आणि जन्मठेप यांच्यामध्ये फक्त एक वाक्य असतं, की बाई पडली की पाडली. तिने फोन सोडला नाही म्हणून त्याने धक्का दिला आणि गुडघा फुटला तर एक गोष्ट, आणि ती घाबरून मागे धावताना ठेच लागून पडली तर पूर्ण वेगळी. फिर्यादीत "झटापटीत किरकोळ दुखापत झाली" एवढंच लिहिलं असेल तर तो शब्द काही सांगत नाही, पुरवणी जबाब मागा. अमुक लिहा असं सांगून नाही हं, तिला काय आठवतंय ते विचारून.

गाडी चालवणाऱ्याचं काय, त्याने तर हातही लावला नाही. कलम 3(5) साठी समान इरादा दाखवायचा तर वेग कमी केला का, गाडी तिच्या बाजूला घेतली का, मागच्याने फोन ओढताच गाडी पळवली का, हे सीसीटीव्हीत किंवा साक्षीदाराच्या जबाबात शोधा. सरसकट सगळ्यांना 3(5) लावायची सवय आहे, पाच जण झाले की 189, 190, 191 ची, म्हणजे बेकायदेशीर जमाव आणि दंग्याच्या कलमांची माळ. नावं पाच आहेत म्हणून पाच जण होते असं नसतं, प्रत्येक नावापुढे एक ओळ लिहा की ह्याने काय केलं आणि ते कुठल्या पानावर आहे. ज्याच्यापुढे ओळ रिकामी राहते त्याच्याबद्दल आयओला विचारायचं. पाचातले दोन असे गळले आणि "अनोळखी इतर" पण कोणाच्या जबाबात नसतील, तर बेकायदेशीर जमावच उरत नाही.

मेमोरंडम पंचनामा वाचताना हातात दोन रंगांची पेनं घ्या. "मी तो मोबाईल हिसकावला" हा कबुलीचा भाग पोलिसांसमोरचा, तो पुराव्यात चालत नाही, लाल. "तो मी शेडमागे पत्र्याखाली ठेवलाय, काढून देतो" आणि खरंच तिथून निघाला, तर तेवढा भाग साक्ष अधिनियमाच्या कलम 23 च्या परंतुकाखाली चालतो, हिरवा. पूर्वीचं कलम 27 ते हेच, आणि 1947 चा पुलुकुरी कोट्टय्याचा प्रिव्ही कौन्सिलचा निकाल अजूनही त्याचीच किल्ली आहे. मग लाल भाग पूर्ण विसरून बघा की हिरव्यावर कलम टिकतंय का. जागा उघडी, कोणीही येऊ जाऊ शकेल अशी असेल तर हिरवाही फिका पडतो. फोन तिसऱ्याकडे सापडला तर त्याला 317(2), म्हणजे चोरीचा माल घेणं, पण चोरीचा आहे हे त्याला माहीत होतं किंवा कळायला पाहिजे होतं असं दाखवणारं काहीतरी लागेल, नुसता ताबा पुरत नाही.

इथे माझी स्वतःची एक चूक सांगते. मोबाईलच्याच केसमध्ये फिर्यादीत एक आयएमईआय आणि जप्ती पंचनाम्यात वेगळाच, पंधरा आकडी नंबर कोण शेवटपर्यंत वाचतो, मी नाही वाचला. उलटतपासात वकिलांनी दोन्ही आकडे सावकाश, एकेक करून वाचून दाखवले. फोन दोन सिमचा होता, त्याला दोन आयएमईआय असतात आणि खोक्यावर दोन्ही छापलेले असतात, पण ते खोकं कोणी जप्तच केलं नव्हतं. तेव्हापासून मी आकडे बोट ठेवून वाचते, गाडीचा चेसिस नंबरही.

व्हिडिओ, सीसीटीव्ही, कॉल रेकॉर्ड असेल तर साक्ष अधिनियमाच्या कलम 63(4) चं इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट, दोन्ही भाग भरलेले. झडती जप्तीचं चित्रीकरण नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे केलंय का आणि त्यात पंच दिसतात का. ओळख परेडवर केस उभी असेल तर परेडच्या आधी आरोपीचा फोटो पेपरात किंवा व्हॉट्सॲपवर फिरला नाही ना हे विचारून घ्या.

परवानग्या पटकन सांगते. हत्यार कायद्याच्या कलम 3 साठी, म्हणजे पिस्तूल वगैरे, कलम 39 खाली जिल्हा दंडाधिकाऱ्यांची मंजुरी आधी पाहिजे. चाकू कोयत्याला आपल्याकडे 4 सह 25 आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याचं 37(1) सह 135, म्हणजे मनाई आदेश मोडणं, जोडून येतं, तिथे मनाई आदेशाची प्रत फाईलला लावलीय का आणि तो त्या तारखेला लागू होता का बघा, ती प्रत नसेल तर ते कलम नुसतं शोभेचं. 223 म्हणजे जुनं 188, लोकसेवकाचा आदेश मोडणं, लावलं असेल तर संबंधित लोकसेवकाची लेखी तक्रार लागते. लोकसेवक आरोपी असेल आणि काम करताना घडलं म्हणत असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 218 खालची सरकारची मंजुरी. छोट्या कलमांना मुदतही मोजा, एक वर्षापर्यंत शिक्षा असेल तर एक वर्ष, तीनपर्यंत असेल तर तीन.

कलम फुगवलेलं का असतं हे पण समजून घ्या, नाहीतर उगाच पोलिसांवर राग धराल. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात अटक का केली याची कारणं द्यावी लागतात, सुप्रीम कोर्टाच्या 2014 च्या अर्नेश कुमार निकालानंतर तर जास्तच, आणि चार्जशीट दाखल करायला साठ दिवस की नव्वद हे पण कलमावरच ठरतं. जन्मठेपेचं कलम लागलं की नव्वद. शिवाय बाहेर जमाव उभा असतो, "मोठं कलम लावा" म्हणून. हा दबाव आपण समजू शकतो, पण साठाव्या दिवशी कोर्ट जेव्हा विचारतं की 109 चे घटक कुठेत, तेव्हा जमाव तिथे नसतो. कमी लावणंही तितकंच वाईट, हाड मोडलेलं असताना 115 वर भागवलं आणि तडजोड करून मोकळे, असंही मी बघितलंय.

चार्जच्या टप्प्यावर, म्हणजे कोर्ट दोषारोप ठेवतं तेव्हा, पुरावा तोलायचा नसतो, गुन्हा केला असं गृहीत धरायला पुरेसा आधार आहे का एवढंच बघतात, 1979 च्या प्रफुल्लकुमार समल निकालात ते आहे, तेव्हा थोडी शंका राहिली म्हणून कलम सोडून द्यायचं नाही. दोनपैकी कुठला गुन्हा तेच कळत नसेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या 244 खाली पर्यायी चार्ज मागता येतो, आणि निकालाआधी केव्हाही 239 खाली बदलता येतो. पण घटकच नसेल तर डिस्चार्जचा, म्हणजे खटल्याआधीच दोषमुक्त करा असा, आरोपीचा अर्ज येणारच, साठ दिवसांची मुदत आहे त्याला.

शेवटी ड्राफ्ट चार्ज स्वतः लिहून बघा, मराठीत, "तुम्ही अमुक तारखेला अमुक वाजण्याच्या सुमारास अमुक ठिकाणी" असा, आणि मोठ्याने वाचा. कोर्टात तो आरोपीला वाचून समजावून सांगितला जातो, त्याला कळला पाहिजे. वाचताना जिथे "सुमारास", "इतर", "वगैरे" म्हणून पुढे सरकावं लागतं तिथे कागद कमी आहे. मग तो झाकलेला भाग उघडा आणि वरची कलमं तुमच्या कलमांशी लावून बघा. जिथे जुळत नाही तिथे कलम चूक असं लिहू नका, समासात फक्त कुठला कागद नाही ते लिहा आणि आयओला फोन करून तेवढाच मागा.