रंकाळा दिसला तर बँड चुकला

कोल्हापुरात किरणोत्सवाला मावळतीची किरणं वर न चढता अंबाबाईच्या चरणांपाशीच विरली, की महाद्वारातून बाहेर पडणाऱ्या गर्दीत दोन तट पडतात. एक म्हणतो ढग, दुसरा म्हणतो धूर. ९ ते ११ नोव्हेंबर म्हणजे उसाचे, गुऱ्हाळांचे दिवस, त्यामुळं धूरवाले जोरात असतात. मी घरी येऊन युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांचा दहावा बँड, म्हणजे प्रकाशाच्या एका ठरावीक पट्ट्यातलं चित्र, उघडतो.

कोपर्निकस ब्राउझर या उपग्रहचित्रांच्या संकेतस्थळावर कोल्हापूर काढा आणि सेंटिनेल-२ चं 'एल१सी', म्हणजे हवेचा परिणाम न काढलेलं चित्र, निवडा. हवेचा परिणाम काढलेल्या 'एल२ए'मध्ये हा बँडच नाही. जमिनीचं काही सांगत नाही म्हणून गाळलेला. पहिल्यांदा मी तासभर तिथंच धुंडाळत बसलो होतो. मग 'कस्टम'मध्ये लाल, हिरवा, निळा या तिन्ही जागी बी१०, म्हणजे हाच दहावा बँड, ठेवा. चित्र काळंकुट्ट येईल. इफेक्ट्समधला गेन, म्हणजे उजळपणा, भरपूर वाढवा.

आता रंकाळा तलाव शोधा. दिसला तर बँड चुकला! हा बँड १.३८ मायक्रोमीटरच्या आसपासचा. तो प्रकाश हवेतली वाफ गिळते, आणि वाफेचा बहुतेक साठा खालच्या चार-पाच किलोमीटरांत. ऊन जमिनीला लागून परत यायच्या आतच संपतं. रंकाळा, पंचगंगा, फड, गुऱ्हाळांचा धूर, सगळं अंधारात. सिरस, म्हणजे तंतुमेघ, आठ-दहा किलोमीटरवर, वाफेच्या वर. त्यांच्यावरचं ऊन तसंच मागं फिरतं. रंगीत चित्रात निरभ्र वाटणाऱ्या जागी इथं पिंजलेल्या कापसाचे धागे उमटतात.

पांढरं ते सगळं सिरस समजू नका. मेमध्ये वळवाच्या ढगांचे माथेही उजळतात. शेजारी रंगीत चित्र ठेवा: तिथंही जमीन पूर्ण झाकलेली असेल तर ढग जाड. लडाखचं चित्र काढलंत तर तिथं डोंगरच दिसतील, कारण उंची जास्त आणि हवा कोरडी.

अडचण वेळेची आहे. दोन उपग्रह मिळून फेरी पाच दिवसांनी, तीही सकाळी अकराच्या सुमारास, किरणं संध्याकाळची. मधल्या वेळेत ढग कुठल्या कुठं जातात. आपल्या इन्सॅट-३डीआर या हवामान उपग्रहाचं चित्र दिवसभर येतं, पण त्यावर १.३८ चा चॅनल नाही. त्याच्या अवरक्त चित्रात पातळ सिरसातून खालची उष्णता झिरपते, म्हणून ढग असतो त्यापेक्षा उबदार, अर्थात खालचा वाटतो. तरी सकाळी बी१० मध्ये दिसलेला पट्टा संध्याकाळपर्यंत कुठल्या दिशेला सरकला, एवढं त्यावर कळतं. सकाळी बी१० काळा, दुपारभर इन्सॅटवरही काही नाही आणि तरी किरणं फिकी, तर त्या दिवशी मी धूरवाल्यांच्या बाजूनं.