टेक्सासमधील मालमत्ता कराचा दर तपासताना प्रलंबित हरकती आणि अपिले कशी पाहावीत

टेक्सासमध्ये घराचे मूल्यांकन काउंटीचे अप्रेझल डिस्ट्रिक्ट करते आणि कराचा दर मात्र शहर, काउंटी व शाळा डिस्ट्रिक्ट स्वतंत्रपणे ठरवतात. त्यामुळे ह्यूस्टन किंवा डॅलस परिसरातील मराठी घरमालकाने स्वतःच्या मूल्यांकनावर हरकत घेतली नसली, तरी गावातील मोठ्या गोदामाची वा मॉलची अनिर्णित हरकत त्याच्या दराच्या हिशेबात येते.

हे पडताळण्यासाठी आपल्या शहराचे किंवा काउंटीचे त्या वर्षाचे दरगणनेचे वर्कशीट मिळवावे. कायद्यानुसार ते जनतेसाठी उपलब्ध करून द्यावे लागते. त्यातील ‘नो-न्यू-रेव्हेन्यू’ दर म्हणजे, स्थूलमानाने, मागील वर्षाइतकाच महसूल जुन्याच मालमत्तांवर मिळवून देणारा दर होय. मागील वर्षाच्या कराच्या रकमेला चालू वर्षाच्या करपात्र मूल्याने भागून तो काढतात.

प्रथम हरकतीखाली असलेल्या मालमत्तांची ओळ पाहावी. मुख्य मूल्यांकन अधिकारी २५ जुलैपर्यंत मूल्यांकन यादी प्रमाणित करतो, तेव्हा मूल्यांकनावरील हरकती ऐकणाऱ्या रिव्ह्यू बोर्डापुढे काही हरकती शिल्लक असतात. अशा मालमत्तांची स्वतंत्र यादी दिली जाते आणि दराच्या गणितात अधिकाऱ्याचे मूल्य व मालकाने सांगितलेले मूल्य यांपैकी कमी असलेले धरले जाते. समजा, मागील कर ५० लाख डॉलर आहे, यंदाचे एकूण मूल्य १०० कोटी डॉलर आहे आणि त्यातील १० कोटींच्या मालमत्तेचे मूल्य ८ कोटीच असल्याचा मालकाचा दावा आहे. भाजक ९८ कोटी होतो, आणि कराचा दर प्रत्येक १०० डॉलरमागे ५० सेंटवरून सुमारे ५१.०२ सेंटवर जातो. पुढे मालकाचा दावा फेटाळला गेला, तर त्याच चढ्या दराने आणखी सुमारे १ लाख २ हजार डॉलर जमा होतात. ही कायद्याने सांगितलेली सावधगिरी आहे, त्यात लबाडी नाही. पण तिचा भार हरकत न घेतलेल्या घरांवरही पडतो.

बोर्डाच्या निर्णयाविरुद्ध न्यायालयात केलेल्या अपिलांचा परिणाम नेमका उलट दिशेने होतो, आणि वाचकाची गफलत इथेच होण्याचा संभव असतो. मागील वर्षाच्या ज्या मूल्याविरुद्ध २५ जुलैला दावा प्रलंबित असेल, त्याचा केवळ वादातीत भाग हिशेबात राहतो, म्हणून अंश (मागील कराची रक्कम) लहान होतो व दर खाली येतो. जुने दावे मालकांच्या बाजूने निकाली निघून परतावा द्यावा लागला, तर मात्र त्या परताव्याची रक्कम अंशात मिळवली जाते आणि दर वर चढतो. तिन्ही ओळी एकत्र वाचल्याखेरीज वाढीचे कारण ठरवू नये.

हाच पाया ‘व्होटर-अप्रूव्हल’ दरालाही आहे. २०१९ च्या सुधारणेनंतर बहुतेक शहरे व काउंट्यांना देखभाल-खर्चाच्या भागात ३.५ टक्क्यांची वाढ मोकळी असते आणि त्यापुढे मतदान घ्यावे लागते. म्हणजे भाजक आकसला, की मतदानाविना दर वाढवण्याची मुभा रुंदावते. म्हणून दर निश्चित होण्यापूर्वीच्या जाहीर सुनावणीत मागील वर्षी हरकतीखाली धरलेले मूल्य आणि नंतर प्रत्यक्ष निकालात ठरलेले मूल्य, हे दोन्ही आकडे लेखी मागावेत.