नाशकात नवीन आलात? गाडीला कोरडा कपडा मारू नका

मी २०११ ला चिपळूणहून नाशकात आलो, अंबडला एमआयडीसीत नोकरी लागली म्हणून. कोकणात गाडीची भीती एकच, पाऊस आणि गंज. इथे आल्यावर कळलं की नाशकात रंगाला खरा त्रास धुळीचा आहे, आणि आता तर २०२७ च्या सिंहस्थाची कामं चाललीयेत, ठिकठिकाणी रस्ते खोदलेत, डंपर फिरतायत, सकाळी धुतलेल्या गाडीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहावं इतकी धूळ बसते.

त्यामुळे एकच गोष्ट कळकळीने सांगतो, बाकी सगळं विसरलात तरी चालेल. धूळ बसलेल्या गाडीला कोरडा कपडा लावू नका. रंगाच्या वर जो पारदर्शक थर असतो ना, क्लिअर कोट, तो साधारण ४०-५० मायक्रॉनचा म्हणजे केसाहून पातळ, आणि धूळ म्हणजे दगडाचीच भुकटी, ती कपड्याखाली घासली की उन्हात गोल गोल जाळं दिसतं तेच ते ओरखडे. मग लोक जातात रबिंग करून घ्यायला, गाडी चकाचक दिसते पण दर रबिंगला तो थर आणखी पातळ होतो, परत येत नाही. चार-पाच वर्षांत एकदा ठीक, दर दिवाळीला नको.

डिसेंबर-जानेवारीत तर जास्त सांभाळा. इथली थंडी तुम्हाला कळेलच, पहाटे दव पडतं, धुळीत मिसळून बॉनेटवर पातळ चिखल होतो आणि ऑफिसला उशीर होतोय म्हणून आपण हातानेच नाहीतर फडक्याने तो पुसतो. ओलं आहे म्हणून चालेल असं वाटतं पण चालत नाही, आधी दोन तांबे पाणी ओता, मग पुसा.

आमच्या सोसायटीत गाड्या पुसायला एक काका येतात, एक बादली, एक फडकं आणि पंचवीस गाड्या. त्यांना दोष देणं बरोबर नाही, तेवढ्या वेळात तेवढ्या पाण्यात दुसरं काय करणार. मी त्यांना चार मायक्रोफायबर कपडे आणून दिले, आणि सांगितलं की काका माझी गाडी रोज पुसू नका, आठवड्यातून दोनदा पाणी मारून पुसा, पैसे तेवढेच. आता ते स्वतःच कपडा खाली पडला की वेगळा काढून ठेवतात.

स्वतः धुणार असाल तर दोन बादल्या घ्या, एकीत शाम्पू, दुसरीत कपडा खळबळायला साधं पाणी. शाम्पू गाडीचाच, भांड्यांच्या साबणाने असलेलं वॅक्स उतरतं. सावलीत धुवायची, छतापासून खाली, आणि लगेच कोरडी करायची. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर हे फारच महत्त्वाचं, कारण पाणी जड असलं की थेंब वाळल्यावर पांढरे क्षारांचे गोल राहतात आणि उन्हात भाजले की साध्या धुण्याने निघत नाहीत.

अंबड-सातपूरला काम करणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. माझ्या पांढऱ्या गाडीवर बारीक नारिंगी ठिपके आले, मला वाटलं पत्रा गंजला, पोटात गोळाच आला. निघालं वेगळंच, मी गाडी लावायचो तिथे शेजारी फॅब्रिकेशनचं शेड, ग्राइंडिंगचे लोखंडाचे कण उडून रंगात रुतले होते आणि ते कण गंजले होते. आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारं द्रावण, मारलं तर जांभळं पाणी ओघळायला लागलं, मग क्ले बारने, म्हणजे रंगात रुतलेले कण ओढून काढणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, हलक्या हाताने काढलं, गाडी नव्यासारखी. त्या दिवसापासून पार्किंग बदललं.

पक्ष्यांची घाण दिसली की ओला कपडा दोन मिनिटं ठेवून मऊ करून उचला, उन्हात राहिली तर रंगात कायमचा डाग उतरतो. मोहोराच्या दिवसात आंब्याखाली गाडी नको, तुडतुड्यांचा चिकटा पडतो. दसऱ्याला पूजा जरूर करा, पण बॉनेटवर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक नको, आमच्याकडे दुपारपर्यंत राहिलं तर गुलाबी छटा महिनाभर गेली नाही, आता आई काचेवर काढते. झेंडूच्या हाराची तारही रंगाला टेकू देऊ नका. आणि हो, इथे रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात, जुन्या नाशकात रहाडींवर, म्हणजे रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदांवर, गर्दी असते, त्या दिवशी पंचवटी-भद्रकाली बाजूला गाडी नेऊच नका.

सिरॅमिक कोटिंगबद्दल, म्हणजे रंगावर लावायच्या टिकाऊ संरक्षक लेपाबद्दल, सगळेच विचारतात. चांगलं आहे, धूळ लवकर सुटते, पाणी थांबत नाही, पण कसारा घाटात पुढच्या ट्रकच्या चाकाखालून खडी उडाली तर त्याने काही वाचत नाही, तिथे पीपीएफ, म्हणजे रंगावर चिकटवायची जाड पारदर्शक फिल्म लागते आणि ती महाग. मी दर चार महिन्यांनी सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच संरक्षक थर, लावतो, माझं भागतं. खडीने रंगाची टिकली उडून पत्रा दिसला तर मात्र पावसाळ्याआधी टचअप करा. रंगाचा कोड गाडीवरच्या स्टिकरवर असतो, बऱ्याचदा दाराच्या खांबावर, त्याचा फोटो काढून दुकानात दाखवा, नुसतं पांढरा म्हणालात तर भलताच पांढरा मिळेल.