माल ‘मिळाला’ म्हणजे नेमका कधी? मदतसंस्थेची खरेदी आणि पुरवठ्याची नियमावली एक करताना

ब्लँकेटांचा ट्रक दुपारी आला. हमालांनी तासाभरात तो रिकामा केला, गोदामप्रमुखांनी वेबिलवर, म्हणजे ट्रकसोबत आलेल्या मालाच्या कागदावर, सही केली आणि ड्रायव्हर निघून गेला. लॉजिस्टिक्सच्या, म्हणजे वाहतूक आणि साठवणीच्या, पुस्तिकेनुसार माल मिळाला होता. खरेदीच्या पुस्तिकेनुसार तो अजून मिळालेलाच नव्हता, कारण तिथे ‘मिळाला’ म्हणजे तपासणी समितीने नमुने काढले, वजन आणि लोकरीचं प्रमाण पाहिलं आणि मालपावतीवर तीन सह्या झाल्या. समितीतले दोघे दौऱ्यावर होते. सह्या होईपर्यंत माल आत घ्यायचा नाही, म्हणून गठ्ठे चार दिवस आवारात पडून राहिले. तिसऱ्या रात्री पाऊस आला. भिजलेल्या गठ्ठ्यांचं नुकसान पुरवठादाराचं की आमचं, हे दोन्ही पुस्तिका शेजारी उघडूनही ठरेना.

त्या वेळी मी त्या संस्थेत समन्वयक होते. कुणीही नियम मोडला नव्हता, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. थंडीत ज्यांच्या अंगावर ती ब्लँकेटं जायची होती, त्यांना ती आठवडाभर उशिरा मिळाली. दोन्ही नियमावल्या एक करायच्या आणि त्यासाठी बाहेरचा सल्लागार घ्यायचा, असं त्या घटनेनंतर ठरलं. पुढे काही वर्षांनी मी स्वतः हे सल्लागाराचं काम करू लागले. गोदामात किंवा खरेदी विभागात चार-पाच वर्षं काढून या वाटेला वळू पाहणाऱ्यांसाठी, टेबलाच्या दोन्ही बाजूंनी जे पाहिलं ते इथे लिहिते आहे.

आधी हे समजून घ्या की या दोन नियमावल्या वेगळ्या का वाढतात. खरेदीचे नियम बहुधा वित्त विभागात तयार होतात आणि त्यांना भीती असते ऑडिटची. लॉजिस्टिक्सचे नियम मैदानात काम करणारी माणसं लिहितात आणि त्यांना भीती असते उशिराची. प्रत्येक वाक्यावर त्या भीतीचा ठसा असतो. शिवाय देणगीदारांचे नियम येऊन मध्ये बसतात. अमेरिकी सरकारच्या अनुदानाला ‘२ सीएफआर २००’ ही तिथल्या सरकारची अनुदान-नियमावली लागू होते आणि त्यात कागदपत्रं अंतिम आर्थिक अहवालानंतर किमान ३ वर्षं जपावी लागतात. युरोपीय आयोगाच्या मानवतावादी विभागाच्या अटी वेगळ्या आणि मान्यताप्राप्त खरेदी केंद्रांची, म्हणजे मदतसंस्थांसाठी माल खरेदी करून देणाऱ्या संस्थांची, सोयही वेगळी. अशा वेळी नवखे सल्लागार सगळ्यांत कडक नियम उचलतात आणि तोच सर्वांना लावून टाकतात. दिसायला हे सुरक्षित वाटतं, पण त्यामुळे छोट्याशा खरेदीलाही मोठ्या टेंडरचा सोपस्कार चिकटतो. संस्थेचा एक मूळ नियम असावा आणि देणगीदारनिहाय फरक एका पानाच्या तक्त्यात वेगळे द्यावेत. देणगीदाराची अट बदलली तर तेवढं पान बदलतं, पुस्तक बदलावं लागत नाही.

आता सल्लागार नेमताना आमचं काय चुकलं ते सांगते. आम्ही कार्यकक्षा, म्हणजे सगळे ज्याला टीओआर म्हणतात तो कागद, दोन दिवसांत लिहिला. पंचवीस दिवसांच्या मोबदल्यात एकत्रित नियमावली, सगळे फॉर्म, प्रशिक्षणाचं साहित्य आणि तीन कार्यालयांत कार्यशाळा, इतकं सगळं मागितलं. फील्डभेटींसाठी दिवस राखले नाहीत. मसुद्यावर अंतिम शब्द कुणाचा, हेही लिहिलं नाही. आलेल्या माणसाने मेहनत घेतली, मुख्यालयात बसून मुलाखती घेतल्या आणि १८० पानांची सुबक नियमावली दिली. खरेदीचा भाग आधी, लॉजिस्टिक्सचा नंतर आणि मध्ये एक कोरं विभाजक पान. ‘माल मिळाला’ची व्याख्या दोन्ही भागांत जशीच्या तशी राहिली होती. दोष त्या सल्लागाराचा नव्हता. आम्ही पुस्तक मागितलं होतं, त्याने पुस्तक दिलं.

म्हणून आज कुठल्याही संस्थेचा टीओआर हातात आला की मी आधी अपेक्षित दस्तऐवजांची यादी वाचत नाही. फील्डसाठी किती दिवस धरलेत, प्रतिक्रिया कोण एकत्र करणार, मंजुरी कोण देणार आणि सल्लागार गेल्यावर ही नियमावली कुणाच्या ताब्यात राहणार, हे शोधते. यातलं काही नसेल तर प्रस्तावातच स्पष्ट लिहिते की इतक्या दिवसांत इतकं होईल आणि इतकं होणार नाही. काही वेळा त्यामुळे काम हातचं जातं. जाऊ द्यावं. अशा जाहिराती कुठे येतात हा प्रश्न बरेच जण विचारतात. संयुक्त राष्ट्रांचं मानवतावादी मदतीच्या समन्वयाचं कार्यालय (ओसीएचए) चालवत असलेलं रिलीफवेब हे संकेतस्थळ १९९६ पासून सुरू आहे आणि बहुतेक संस्था तिथे टीओआर टाकतात. मोबदला दिवसाच्या दराने ठरतो आणि टप्प्याटप्प्याने मिळतो. प्रवास, विमा आणि कर कुणाच्या खिशातून जाणार हे सही करण्यापूर्वी लेखी घ्या.

काम मिळाल्यावर पहिल्या दिवशी मी एक फाइल मागते: माझ्याच निवडीची. सल्लागार नेमणं हीसुद्धा खरेदीच असते. किती प्रस्ताव आले, गुणतक्ता कुणी भरला, हितसंबंध नसल्याचं प्रतिज्ञापत्र कुणी दिलं, किती सह्यांसाठी किती दिवस गेले, हे सगळं त्या फाइलमध्ये असतं. संस्थेची प्रकृती तिथेच कळते. एकदा त्या फाइलमध्ये तुलनातक्त्याची, म्हणजे आलेले प्रस्ताव शेजारी मांडून निवड करण्याच्या कागदाची, तारीख माझ्या करारानंतरची निघाली. कुणाला दुखवायचं नाही म्हणून मी गप्प राहू शकले असते. पण प्रारंभिक अहवालात ते नोंदवलं आणि पुढच्या चर्चा मोकळ्या झाल्या.

यानंतरचं काम म्हणजे पूर्ण झालेल्या व्यवहारांच्या मागे चालत जाणं. वीसेक फाइल्स घ्या: काही मोठ्या, काही किरकोळ, काही आणीबाणीतल्या. वाटपाच्या यादीपासून सुरुवात करा, मग स्टॉक कार्ड, मालपावती, वेबिल, पर्चेस ऑर्डर, तुलनातक्ता, कोटेशनं आणि शेवटी मूळ मागणीपत्र. प्रत्येक कागदावरची तारीख एका ओळीत मांडा. बाकी काही जमलं नाही तरी एवढं करा, कारण माणसं मुलाखतीत नियम सांगतात आणि कागद घडलेलं सांगतात.

अशाच एका संस्थेत पाण्याच्या जेरीकॅनची खरेदी तीन तुकड्यांत केलेली सापडली. तिन्ही ऑर्डर टेंडरच्या मर्यादेच्या जराशा खाली आणि आठवड्याच्या आतल्या. ऑडिटरच्या भाषेत हे ऑर्डरचं विभाजन, गंभीर आक्षेप. खरेदी अधिकारी माझ्यासमोर बसला तेव्हा त्याचे हात थरथरत होते. तारखांची ओळ मांडली तर दिसलं की त्याच्या आधीच्या टेंडरला मुख्यालयाच्या एका सहीसाठी एकोणीस दिवस लागले होते. मदतकार्याच्या किमान दर्जाची ‘स्फिअर’ ही आंतरराष्ट्रीय मानकं आहेत; त्यांनुसार आपत्तीत माणशी दिवसाला किमान १५ लिटर पाणी लागतं, आणि भांडंच नसेल तर ते पाणी घरापर्यंत जाणार कसं? त्याने नियम चुकवला हे खरंच. पण नव्या नियमावलीत मी फक्त ‘विभाजन करू नये’ असं लिहिलं असतं तर पुढच्या पुरात तेच झालं असतं. आम्ही ठरावीक रकमेपर्यंतची मंजुरी देशपातळीवर आणली आणि जेरीकॅन, ताडपत्री, साबण अशा नेहमी लागणाऱ्या वस्तूंसाठी आधीच दरकरार केले. विभाजनाची बंदीही राहिली, तेव्हा ती पाळता येण्यासारखी झाली होती.

दोन नियमावल्यांचे सांधे कुठे निखळतात हे एव्हाना तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या अनुभवात खरा गुंता हस्तांतरणाच्या क्षणी असतो, आणि त्याची मुळं अनेकदा करारातल्या तीन अक्षरांत असतात. माल पोहोचवण्याचा खर्च आणि जोखीम विक्रेता-खरेदीदारात कशी वाटायची हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय व्यापार-संज्ञांना इन्कोटर्म्स म्हणतात; इन्कोटर्म्स २०२० मध्ये अशा ११ संज्ञा आहेत, प्रत्येक तीन अक्षरांची. डीएपी असेल तर विक्रेता माल ठरलेल्या ठिकाणापर्यंत आणतो, पण ट्रकमधून उतरवणं आणि आयातशुल्क हे खरेदीदाराकडे. उतरवून देण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकणारी संज्ञा एकच, डीपीयू. डीडीपीमध्ये शुल्कही विक्रेता भरतो. ते सोयीचं वाटतं, पण मदतसंस्थेला तिच्या नावाने शुल्कमाफी असेल तर ती वाया जाते आणि शुल्काची रक्कम किमतीत येऊन बसते. खरेदीवाले संज्ञा निवडतात, हमाल लॉजिस्टिक्सवाल्यांना शोधावे लागतात. म्हणून एकत्रित नियमावलीत मी विभागांनुसार प्रकरणं पाडत नाही. मागणीपासून वाटपापर्यंत मालाचा प्रवास जसा होतो तशी प्रकरणं लावते, आणि प्रत्येक टप्प्यावर ताबा कुणाचा, जोखीम कुणाची, कुठला कागद, हे तिन्ही एकाच पानावर येतं. ब्लँकेटांच्या प्रकरणावर उत्तर तसं साधं होतं. उतरवलेला माल ‘ताब्यात’, तो लगेच छपराखाली वेगळ्या जागी; तपासणीनंतर ‘स्वीकृत’. शब्द दोन, तारखा दोन, आणि बिलाची मुदत दुसऱ्या तारखेपासून.

औषधांना मात्र स्वतंत्र प्रकरण द्या, कितीही आग्रह झाला तरी. लसी साधारण २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये राखायच्या, मुदत आधी संपणारा माल आधी बाहेर काढायचा, स्वीकृतीवर औषधनिर्माण जाणणाऱ्याची सही हवी. दान म्हणून आलेल्या औषधांबाबत जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं १९९६ पासून आहेत आणि पोहोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी, अशी त्यांची अपेक्षा आहे. ब्लँकेटांचा नियम इथे चालवला तर माणसं आजारी पडतील.

अभ्यासाचं म्हणाल तर लॉजिस्टिक्स क्लस्टर या मदतसंस्थांच्या समन्वय-गटाची ‘लॉजिस्टिक्स ऑपरेशनल गाइड’ विनामूल्य आहे, ती आधी वाचा. संयुक्त राष्ट्रांचा जागतिक अन्न कार्यक्रम या क्लस्टरचं नेतृत्व करतो. त्यातले नमुना फॉर्म उचलायला हरकत नाही, फक्त तुमच्या संस्थेत नसलेल्या पदाची सही त्यात राहू देऊ नका. मी ही चूक दोन मसुद्यांत पाहिली आहे. आणि जिच्यासाठी खरेदीचे नियम लिहिता, त्या संस्थेला सॉफ्टवेअर किंवा माल पुरवणाऱ्या कुणाशी तुमचा संबंध असेल तर तो आधी सांगा.

मसुदा तयार झाला की संचालकांकडे पाठवण्यापूर्वी मी तो गोदामात नेते. मागच्या वेळी दोन महिन्यांपूर्वी रुजू झालेल्या एका स्टोअरकीपर मुलीला तो दिला आणि म्हटलं, रात्री अकराला ट्रक आला आहे, काय करशील ते यात शोध. तिने बोट ठेवत ठेवत पान गाठलं, ताब्याचा फॉर्म काढला, गठ्ठे कुठे ठेवायचे ते बरोबर सांगितलं. मग थांबली आणि म्हणाली, “ताई, फॉर्मवर संस्थेचा शिक्का हवा लिहिलंय. शिक्का ऑफिसच्या कपाटात असतो, आणि किल्ली मॅडम घरी नेतात.” त्या फॉर्मवरून शिक्क्याची चौकट आम्ही त्याच दुपारी काढली.