सॉसेजची धुरी आणि स्मोकहाउसचा पारा

पहिल्या खेपेचं सॉसेज कापायला घेतलं तेव्हा सुरी टेकताच आतली चरबी बाहेर वाहिली आणि खिमा भुशासारखा सुटा झाला. आवरण सुरकुतलेलं होतं. स्मोकहाउसच्या, म्हणजे मांसाला धूर द्यायच्या बंद कपाटाच्या, तळाच्या ताटात तुपासारखा थर साचला होता. मांस ताजं होतं, मसाला मोजून घातला होता, धूरही मनसोक्त दिला होता. दारावर बसवलेल्या गोल थर्मामीटरचा काटा तर पूर्ण वेळ ७० अंशांच्या आसपास होता. (या लेखातले सगळे अंश सेल्सियसचे आहेत.) मग बिघडलं कुठे, हे समजायला मला आणखी दोन खेपा लागल्या. घरी स्मोकहाउस बांधून सॉसेज करायला निघालेल्या नव्या माणसाला त्या दोन खेपा वाचाव्यात म्हणून हे लिहिते आहे.

उत्तर मिळालं ते दुसरा थर्मामीटर आणल्यावर. त्याची तार मी सॉसेज लटकवायच्या दांडीला बांधली, कपाट तापवलं आणि पाहत बसले. दारावरचा काटा ७० वर होता आणि दांडीपाशी ९४ अंश होते! गरम हवा वर चढते हे शाळेत शिकलेलं असतं, पण चार फूट उंचीच्या बंद कपाटात तिच्यामुळे वीस-पंचवीस अंशांचा फरक पडेल असं मला वाटलं नव्हतं. मी दाराचं तापमान सांभाळत होते आणि सॉसेज मात्र वर वितळत होतं.

इथे मांसाच्या आत काय होतं ते समजून घ्या, कारण त्यावरच सगळा हिशेब उभा आहे. खिमा मीठ घालून चांगला मळला की मांसातली प्रथिनं सुटून चिकट होतात. पुढे हळूहळू उष्णता मिळाली की साधारण ४० ते ५० अंशांपासून ती एकमेकांत गुंतून जाळं धरू लागतात आणि चरबीचे कण त्या जाळ्यात अडकून राहतात. उष्णता एकदम वाढली तर बाहेरचा थर आक्रसतो, जाळं पिळलं जातं आणि पातळ झालेली चरबी वाट मिळेल तिथून बाहेर पडते. म्हणून कपाटातली हवा ८० अंशांच्या वर जाऊ द्यायची नाही. दुसरीकडे, खिम्याचं सॉसेज खाण्यासाठी सुरक्षित व्हायचं तर त्याच्या गाभ्यात ७१ अंश यायलाच हवेत. कोंबडीचं असेल तर ७४. म्हणजे बाहेरची कमाल मर्यादा आणि आतली गरज यांच्यात जेमतेम सहा ते नऊ अंशांची फट उरते. सॉसेज धुरवण्याचं कसब म्हणजे तेवढ्या फटीत काही तास टिकून राहणं. वेळ वाचवायच्या नादात नवशिका नेमका याच फटीतून बाहेर पडतो.

त्यामुळे पैसे खर्च करायचे तर आधी थर्मामीटरवर करा. कमीत कमी दोन हवेत. एकाचं टोक सॉसेजच्या उंचीवर, पण सॉसेजला न टेकता, हवेत राहील. दुसऱ्याचं टोक सर्वांत जाड सॉसेजच्या टोकाकडून लांबीच्या दिशेने आत खुपसायचं, म्हणजे ते नेमकं गाभ्यात बसतं. आडवं टोचलं तर थोड्या चुकीने ते कडेला जातं आणि आकडा जास्त दिसतो. दारावरचा काटा राहू दे, पण निर्णय त्याच्यावर घेऊ नका. नवीन थर्मामीटर वापरण्याआधी बारीक बर्फ आणि थोडं पाणी यांच्या काल्यात बुडवून पाहा. ढवळून मिनिटभराने शून्य दाखवायला हवं. माझा एक तीन अंश जास्त दाखवत होता. सहा-नऊ अंशांच्या फटीत तीन अंश म्हणजे फार मोठी चूक आहे.

यानंतरचं काम कंटाळवाणं वाटतं, पण मला सर्वांत जास्त त्यानेच शिकवलं. सॉसेज न लावता कपाट अर्धा दिवस रिकामं चालवा. दांडीच्या डाव्या टोकाला, उजव्या टोकाला, मागे, दारापाशी, वर आणि खाली थर्मामीटर फिरवा आणि आकडे लिहून ठेवा. प्रत्येक घरगुती स्मोकहाउसचा स्वभाव वेगळा असतो. विटांचं बांधकाम उशिरा तापतं, पण एकदा तापलं की तासन्‌तास धरून ठेवतं. पातळ पत्र्याचं पेटाऱ्यासारखं कपाट चटकन तापतं आणि वाऱ्याची झुळूक आली की चटकन निवतं. लाकडी कपाट या दोन्हींच्या मधलं. पत्रा वापरणार असाल तर जस्ताचा मुलामा दिलेला आगीजवळ लावू नका. फार तापला तर त्यातून विषारी वाफ निघते. आणि कपाट कशाचंही असो, ते उघड्यावरच चालवा. धुमसत्या लाकडातून कार्बन मोनॉक्साइड निघतो आणि त्याला वास नसतो.

माझ्या कपाटातला वर-खालचा फरक दोन गोष्टींनी आवरला. विस्तवाच्या वर हातभर अंतरावर एक लोखंडी पत्रा आडवा टाकला, चारही बाजूंनी चार बोटं जागा सोडून. त्यामुळे उष्णतेचा सरळ वर चढणारा झोत फुटला आणि हवा कडेने पसरून वर जाऊ लागली. दुसरं म्हणजे दांडी एक वीत खाली घेतली, छतालगतचा सर्वांत तापट पट्टा मोकळा ठेवला. एवढ्यावर फरक पाच-सहा अंशांवर आला.

आता विस्तवाकडे येऊ. सुरुवातीला मी एकाच आगीकडून दोन कामं करून घेत होते, कपाट तापवणं आणि धूर करणं. धूर कमी वाटला की भुसा टाकायचा, भुसा पेटला की पारा चढायचा, पारा उतरवायला हवा बंद करायची, मग आग गुदमरून पांढरा कडवट धूर यायचा. या चक्रातून सुटायचा मार्ग एकच, उष्णता आणि धूर वेगळे करणं. आज माझ्याकडे उष्णतेसाठी विजेची शेगडी आहे, थर्मोस्टॅटला जोडलेली, आणि धुरासाठी बाजूला झाकणाला भोकं पाडलेला एक डबा, त्यात दाबून भरलेला सुका भुसा. भुसा दाबून भरला की तो ज्वाळ न धरता धुमसत राहतो. ओक, बीच किंवा फळझाडांचं लाकूड चालतं. चीडसारखं राळेचं लाकूड नको, त्याने काजळी धरते आणि चव कडू होते. वीज नसेल तर चूल कपाटाबाहेर ठेवून धूर नळीतून आत आणा. नळीत तो थोडा निवतो आणि आग तुमच्या हाताशी राहते.

लाकडावर किंवा कोळशावर चालवणार असाल तर पारा हवेने सांभाळायचा असतो. सरपण कमी-जास्त करणं हा त्यातला खडबडीत उपाय आहे. खालची झडप म्हणजे आगीचा श्वास. ती बोटभर सरकवली तरी दहा-पंधरा मिनिटांनी फरक दिसतो, आणि नवीन माणूस ती दहा मिनिटं थांबत नाही. तो पुन्हा सरकवतो, मग पारा उसळतो, मग तो घाबरून पूर्ण बंद करतो. एका वेळी एकच बदल करा, थोडासा, आणि थांबा. वरची झडप मात्र निदान अर्धी उघडी ठेवाच. ती बंद केली तर ओलावा आत कोंडतो, धूर शिळा होतो आणि छतावरून काळे थेंब सॉसेजवर पडतात. पारा चढला म्हणून दार उघडू नका. क्षणभर हवा थंड होते खरी, पण आत ताजा वारा शिरून धुमसणारा भुसा भडकतो आणि दार लावल्यावर पारा आधीपेक्षा वर जातो. हे माझ्याकडून दोनदा घडलं.

प्रत्यक्ष खेपेचा क्रम असा ठेवते. कपाट आधी ५० ते ५५ अंशांवर स्थिर करते आणि मगच सॉसेज लटकवते, एकमेकांना न टेकता, कारण जिथे टेकतात तिथे रंग धरत नाही. पहिला तासभर धूर अजिबात नाही, दोन्ही झडपा उघड्या. आवरण हाताला कोरडं, कागदासारखं लागेपर्यंत थांबायचं. ओल्या आवरणावर धूर बसला तर पट्टे आणि डाग पडतात. मग ५५ ते ६० अंशांवर दोन तास पातळ, निळसर धूर. त्यानंतर दर अर्ध्या तासाला पाच अंश वाढवत ७५ ते ७८ पर्यंत जायचं आणि गाभ्यात ७१ येईपर्यंत तिथेच राहायचं. दोन किलो लावले की दहा किलो, यावरही बरंच अवलंबून आहे. खूप ओलं मांस आत असलं की कपाट सुरुवातीला हट्टाने थंड राहतं.

गाभा ६० ते ६५ अंशांच्या दरम्यान आला की पारा जागीच अडकतो. पाऊण तास, कधी त्याहून जास्त. मांसातलं पाणी वरून उडत असतं आणि घामाने अंग गार व्हावं तसं ते सॉसेजला गार ठेवतं. माझी दुसरी खेप इथेच गेली. थर्मामीटर बिघडला असं समजून मी शेगडी वाढवली आणि चरबी पुन्हा ताटात उतरली. आता अशा वेळी मी कपाटाला हात लावत नाही. फारच उशीर होत असेल तर रंग आणि धुराचा वास पुरेसा धरलेला असतो, म्हणून सॉसेज काढून ७५ अंशांच्या पाण्यात सोडते. पाणी हवेपेक्षा खूप वेगाने उष्णता देतं, वीस-तीस मिनिटांत गाभा ७१ गाठतो, आणि पाण्याचं तापमान सांभाळणं सोपं असतं. नवीन माणसाने पहिल्या दोन-तीन खेपा अशाच पूर्ण कराव्यात असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं कमी तापमानावर आणि संथपणे चालतं, म्हणून एका धोक्याबद्दल निक्षून सांगते. ४ ते ६० अंशांचा पट्टा जिवाणूंच्या वाढीचा आणि सॉसेजचा गाभा त्या पट्ट्यात काही तास असतो. आवरणाच्या आत हवा नसते, ओलावा भरपूर असतो, त्यामुळे बॉट्युलिझम या जीवघेण्या रोगाचं विष तयार करणाऱ्या जिवाणूला तिथे फावतं. त्या रोगाचं नावच सॉसेजसाठीच्या ‘बोटुलुस’ या लॅटिन शब्दावरून पडलं आहे. जर्मन डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी १८२० आणि १८२२ मध्ये सॉसेजमधून होणाऱ्या या विषबाधेवर लिहिलं होतं. म्हणून क्युरिंग मीठ, म्हणजे जिवाणूंना रोखायला नायट्राइट मिसळलेलं मीठ, टाळू नका. ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असलेलं मीठ एक किलो मांसाला २.५ ग्रॅम पडतं. पुडीवरचं प्रमाण वाचा, कारण सगळी क्युरिंग मिठं सारख्या ताकदीची नसतात. चमच्याने न घेता बारीक काट्यावर तोला. जास्त झालेलं नायट्राइट स्वतःच विषारी आहे. आणि ३० अंशांखालच्या थंड धुरीकडे पहिल्या वर्षी वळू नका. तिथे मांस शिजतच नाही, सगळी भिस्त मीठ, वाळवण आणि अचूकतेवर असते.

गाभ्याने ७१ गाठले की काम थांबत नाही, कारण सॉसेज आतल्या उष्णतेने शिजत राहतं आणि आवरण सैल पडून सुरकुततं. बाहेर काढल्याबरोबर त्यावर थंड पाणी सोडा, गाभा ४० च्या आसपास येईपर्यंत. मग तासभर बाहेर लटकवून ठेवा. या तासात फिकट तांबूस रंग गडद होत जातो, तो पाहायला मी अजूनही शेजारी थांबते. त्यानंतर फ्रिजमध्ये, ४ अंशांच्या खाली. धूर दिला म्हणून हे सॉसेज बाहेर टिकत नाही, तीन-चार दिवसांत संपवायचं किंवा गोठवायचं.

दुसऱ्या दिवशी थंड सॉसेज कापा आणि काप वहीजवळ ठेवा. वहीत दर पंधरा मिनिटांची हवा, गाभा, झडपांची जागा आणि वाऱ्याची दिशा लिहिलेली असावी. आवरणाखाली चरबीची पांढरी पोकळी दिसली तर कोणत्या वेळी हवा ८० च्या वर गेली ते शोधा. कडेला करडी, कडक कड आणि मध्यभागी मऊ असेल तर वाढवण्याची घाई झाली आहे. रंग पट्ट्यापट्ट्यांचा असेल तर पहिला कोरडा तास अपुरा पडला. माझ्या वहीतल्या सातव्या पानावर पहिल्यांदा हवेचा आकडा ७९ च्या वर गेलेला नाही, आणि त्या खेपेच्या तळाच्या ताटात चरबीचा एक थेंबही नव्हता.