‘अस्सल कोकणी’च्या पुढे काय? छोट्या उद्योगाने बाजारातील आपली जागा कशी ठरवावी

मुंबई-गोवा महामार्गावर ‘कोकण मेवा’ विकणाऱ्या दुकानांच्या पाट्या वाचत गेल्यास आंबापोळी, फणसपोळी, कोकम सरबत, काजू, कुळथाचे पीठ आणि मालवणी मसाला ही यादी जवळपास सगळीकडे सारखीच आढळते आणि तिच्यासोबत ‘अस्सल’, ‘घरगुती’ व ‘नैसर्गिक’ हे शब्दही येतातच. माल अनेकदा उत्तम असतो. पण सगळेच एक बोलू लागले, की ग्राहकाला निवड करण्यासाठी भाव आणि गाडी लावायची सोय एवढेच उरते. कोणत्या ग्राहकाला कोणत्या गरजेच्या वेळी आपलेच नाव आठवावे हे ठरवणे आणि त्याप्रमाणे व्यवसाय चालवणे, यालाच ब्रँड पोझिशनिंग म्हणतात. भाव पाडून टिकण्याइतके भांडवल छोट्या उद्योजकापाशी नसते, म्हणून हे काम मोठ्या कंपनीपेक्षा त्यालाच अधिक निकडीचे आहे.

सुरुवात नाव किंवा बोधचिन्हापासून करू नये. गेल्या हंगामात पुन्हा मागणी करणारे ग्राहक कोण होते, हे वहीतून किंवा व्हॉट्सॲपवरील संभाषणांतून शोधावे आणि त्यांपैकी दहा-बारा जणांना फोन करून तीन प्रश्न विचारावेत: माल कशासाठी वापरला, आमच्याकडे मिळाला नसता तर काय घेतले असते, आणि दुसऱ्या कोणाला आमच्याविषयी सांगताना काय सांगितले. उत्तरे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावीत. तिसरे उत्तर सर्वांत मोलाचे असते, कारण ग्राहक ‘गुणवत्ता’ असा शब्द क्वचितच वापरतो. ‘त्यांची बाटली पार्सलमध्ये गळत नाही’ असे काहीतरी नेमके तो बोलतो.

समजा, कुडाळजवळचे एक कुटुंब आमसुले, आगळ (कोकमाचा मीठ घातलेला दाट रस) आणि कोकम सरबत तयार करते. चौकशीत असे दिसले, की सरबत मे महिन्यातील पर्यटक एकदाच नेतात, तर आगळ मात्र मुंबई-पुण्यात स्थायिक झालेली कोकणी घरे रविवारच्या माशांच्या जेवणासाठी वर्षभर मागवतात. अशा वेळी आगळ पुढे करावे आणि एक वाक्य लिहून काढावे: ‘शहरात राहून घरी सोलकढी करणाऱ्या कुटुंबांसाठी, दरवेळी सारखीच चव देणारे आगळ, कारण प्रत्येक खेपेस मीठ वजन करून घातले जाते.’ ग्राहक, गरज आणि पुरावा हे तिन्ही या वाक्यात आहेत. पुराव्याचा भाग खरा नसेल, तर आधी कामाची पद्धत बदलावी, मगच वाक्य छापावे.

यानंतर लेबल आपोआप बदलते. ‘शंभर टक्के नैसर्गिक, अस्सल कोकणी चव’ या ओळीच्या जागी ‘सोलकढीसाठी आगळ. मीठ घातलेले आहे, चव पाहूनच वरून घालावे’ असे लिहिता येते आणि एका नारळाच्या दुधाला किती चमचे आगळ लागते, ते स्वतः करून पाहून ठरवलेले प्रमाणही देता येते. आगळ आणि साखरेचा पाक घातलेले सरबत यांत गल्लत करणाऱ्या नव्या ग्राहकाला ही दोन वाक्ये फार उपयोगी पडतात. सरबत विकणे बंद करण्याची गरज नाही, पण पाटीवर, छायाचित्रात आणि फोनवरच्या पहिल्या बोलण्यात आगळच असावे. इतर माल मागे ठेवणे म्हणजे दारी आलेली लक्ष्मी परत धाडणे, असे घरातल्यांना वाटेल. माझ्या मते बहुतेकांचे पोझिशनिंग याच ठिकाणी ढिले पडते, म्हणून निदान एक हंगाम तरी या निर्णयावर निर्धाराने टिकून राहावे.

पुरावा मोजता येण्याजोगा असेल तर उत्तम. काजूविक्रेत्याने ‘मोठा काजू’ म्हणण्यापेक्षा डब्ल्यू २१० किंवा डब्ल्यू २४० अशी प्रत लिहावी आणि हा आकडा एका पौंडात साधारण जास्तीत जास्त किती अख्खे गर बसतात ते सांगतो, म्हणजे आकडा लहान तितका काजू मोठा, हेही समजावून द्यावे. तारकर्ली किंवा गुहागरच्या घरगुती निवासाला हाच नियम लागू आहे. ‘समुद्राजवळ, घरगुती जेवण’ हे सगळेच सांगतात. ‘वृद्ध आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांसाठी तळमजल्यावरच्या खोल्या, कमोड आणि कमी तिखटाचे जेवण’ हे सांगणारा मात्र लक्षात राहतो.

प्रदेशाचे नाव आणि स्वतःचे नाव यांतील फरकही नीट ध्यानात घ्यावा. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन (मालाचे नाव ठरावीक प्रदेशाशी जोडणारी कायदेशीर नोंद, म्हणजेच जीआय) मिळाले आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील आंब्यासाठी आहे. वेंगुर्ल्याच्या काजूलाही मानांकन आहे. पात्र उत्पादकाने अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी अवश्य करावी, कारण परराज्यातला आंबा हापूस म्हणून खपवला जात असताना ती ग्राहकाला खात्री देते. परंतु हे मानांकन सर्व पात्र उत्पादकांचे सामाईक आहे. त्यावरून शेजाऱ्याच्या पेटीपेक्षा आपली पेटी का घ्यावी, हे कळत नाही. स्वतःच्या नावासाठी व्यापारचिन्हाची (ट्रेडमार्कची) नोंदणी करावी लागते. ती १० वर्षांसाठी असते आणि पुढे नूतनीकरण करता येते. मात्र केवळ गावाचे किंवा मालाचे वर्णन करणारे नाव व्यापारचिन्ह कायदा, १९९९ नुसार नाकारले जाऊ शकते, म्हणून ‘मालवण मसाले’ अशा नावावर पाट्या आणि डबे छापून घेण्यापूर्वी वेगळे नाव निवडणे शहाणपणाचे ठरते.

हंगाम संपल्यावर नव्या ग्राहकांना एकच प्रश्न विचारावा: आमच्याविषयी कोणाकडून आणि काय ऐकले होते? लिहून ठेवलेल्या वाक्याशी जुळणारी उत्तरे येत असतील, तर पुढच्या वर्षी तेच वाक्य कायम ठेवावे. उत्तरे वेगळी पण आपसांत सारखी असतील, तर ग्राहकांनी दाखवलेली जागा आपण ठरवलेल्या जागेपेक्षा बळकट आहे असे समजून वाक्य बदलावे.